दाराआडची भाकरी

रमजानात भर दुपारी सून मेहजबीन दाराआड भाकरी खाताना दिसली, आणि सुरतेजवळच्या कडोदऱ्यात यंत्रमागांवर केस पिकवलेले लतीफमियां उखडले. "रोजा मोडून लपून खातेस? अल्लाहला काय तोंड दाखवशील?" सगळी चाळ ऐकत होती. मेहजबीन मान खाली घालून आत गेली.

बायको जुलेखा हळूच म्हणाली, "बाईला त्या दिवसांत रोजा नसतो, ठाऊक नाही का तुम्हाला? सासऱ्याला ती कोणत्या तोंडानं सांगणार?"

लतीफमियांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साखरेच्या आजारानं त्यांनाही रोजा माफ होता. ते रोज दुपारी दारापुढच्या ओट्यावर बसून जेवत, आणि कुणी जाब विचारला नव्हता.

थोड्या वेळानं मेहजबीननं नेहमीसारखं त्यांचं गरम ताट आणून ठेवलं. तिची अर्धी भाकरी दाराआड तशीच पडली होती.