सतरा नंबरचं कुरण

आधीच सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या नवऱ्याच्या टोपीची शपथ, आमच्या संताच्या विहिरीची शपथ, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर माझ्या दोन्ही नव्या गुडघ्यांची शपथ. खोटं निघालं तर डॉक्टरांनी काढून न्यावेत.

तुम्ही विचारलंत, गवत मोजायची ती तबकडी घ्यावी का. घ्या की. मी कशाला नको म्हणू? फक्त पायी चाला, आणि मगच आकडा भरा. का, ते ऐका.

तीन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, दूध काढताना एका पहिलारू गाईनं लाथ झाडली आणि माझ्या लेकाचा, कोल्मनचा, घोटा मोडला. सून अॅट्रॅक्टा गॉलवे शहरातल्या इस्पितळात नर्स, दिवसभर तिकडं. आणि नेमकं तेव्हाच कोल्मननं ते तबकडीचं मनावर घेतलेलं. सोर्चा टार्पी म्हणून एक पोरगी शेतकऱ्यांना सल्ला द्यायला यायची, ती दोन वर्षं त्यासाठी त्याच्या मागं लागली होती. तिनं दहा दूधवाल्यांचा एक गटच केला होता. वस्तू साधी. एक काठी, काठीवर वरखाली सरकणारी तबकडी. काठी गवतात टेकवायची, तबकडी गवतावर बसते, किती सेंटीमीटर उंची ते फोनमध्ये जातं. मग कुठल्या कुरणात किती चारा आहे आणि गाई पुढं कुठं सोडायच्या, ते फोन सांगतो. दर मंगळवारी मोजायचं. आमची कुरणं बावीस.

"आई, आता तूच चाल," कोल्मन म्हणाला. "बावीसच तर आहेत."

"बावीस. आणि गुडघे दोन."

"सोर्चाला शब्द दिलाय मी. एक मंगळवार चुकला तरी तिला तिकडं दिसतं."

दोन मंगळवार चालले. तिसऱ्या मंगळवारी गारा पडायला लागल्या. आणि त्याच दिवशी मला कळलं, कुरणाचा नंबर बोटानं दाबला की फोन मुकाट्यानं मान्य करतो. तुम्ही कुठं उभ्या आहात, हे विचारत नाही.

मग काय. चुलीजवळ बसले. चार नंबरसाठी तबकडी ठेवली माझ्या खुर्चीतल्या उशीवर. नऊ. सहा नंबरसाठी सोडा घालून भाजलेल्या पावावर. आठ. अकरासाठी मांजरावर. मांजर बोललं मला, पण आकडा छान आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्मन कुबड्या घेऊन खिडकीशी उभा. "आई, चार नंबर बघ. काल एवढं नव्हतं."

बघितलं. गवत सपाट, दाट, आणि मधोमध थोडं दबलेलं. जिथं मी बसते तिथं. अकरा नंबरचं गवत मऊ होतं, पण वारा उलट्या बाजूनं आला की ताठ उभं राहायचं. गाईंनी ते खाल्लं आणि दिवसभर स्वतःला चाटत बसल्या.

सोर्चाचा फोन आला. "मिसेस लिनान, सगळ्या गटात तुम्ही पहिल्या. काय करता तरी काय?"

"विशेष काही नाही गं. मन लावून बसते."

तिथंच थांबायला हवं होतं. पण शाळा सुटल्यापासून मी कशातच पहिली आले नव्हते.

आता सतरा नंबर. तो खालच्या खळग्यात. त्याच्या मध्ये जमिनीला एक भोक आहे. पाणी त्यातनंच वर येतं, खळग्याचं तळं होतं, आणि पाणी त्यातनंच परत जातं. पावसाशी त्याचं देणंघेणं नाही. माझ्या आजेसासऱ्यापासून नियम एकच, जूनच्या आधी तिथं गाय सोडायची नाही. कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच पडली नव्हती. म्हणून सतराचा आकडा मी नेहमी चुलीपुढच्या दगडावर घ्यायची. शून्य.

मे महिन्यात एका मंगळवारी मी फरशी पुसत होते आणि रेडिओवर आसपास कोण कोण वारलं त्याची यादी सुरू झाली. ती यादी मी चुकवत नाही. घाईघाईत सतरासाठी काठी समोरच्या बादलीत उभी केली. अर्धी बादली पाणी होतं, तबकडी त्यावर तरंगली. चौदा. फोन टिंग वाजला. मी यादी ऐकत राहिले. नंतर बादली अंगणात उपडी करून आत ठेवली.

गुरुवारी सकाळी कोल्मन आत आला. कुबड्या सुटल्या होत्या, आता आधाराची एकच काठी होती त्याच्या हातात. "गाई सतरात सोडल्या. फोन म्हणतो, चौदा आहे. तू मोजलंस ना नीट?"

"मोजलं," म्हणाले मी.

म्हटलं खरं, पण नजर बादलीवर गेली. तीन आठवडे पाऊस नव्हता. बादली मी स्वतः रिकामी केली होती. तिच्यात पाणी होतं. काळं, गार. त्यावर गवताची एक काडी गोल गोल फिरत होती, खाली भोक असल्यासारखी.

"कोल्मन, गाई काढ."

"आत्ताच तर सोडल्यात."

"मी चालले नाही रे. तिसऱ्या मंगळवारपासून एकदाही नाही."

"मग ते आकडे?"

"चार नंबर म्हणजे उशी. सहा म्हणजे पाव."

"आणि अकरा?"

"मांजर."

"आणि सतरा?"

मी बादलीकडं बोट केलं. त्यानं बघितलं, काठी टाकली आणि त्या मोडक्या घोट्यावर धावत सुटला.

मी पोचले तेव्हा गवतात पाणी चमकत होतं. आवाज नाही, लाट नाही. चौसष्ट गाई आमच्याकडं पाठ करून उभ्या, सगळ्यांची तोंडं भोकाकडं. एकही हंबरत नव्हती. पाणी त्यांच्या खुरांवर आलं होतं, मग गुडघ्यांवर. कोल्मन ओरडून ओरडून घोगरा झाला, कुत्रा पाण्यात उतरायला तयार नाही. शेवटी मी त्यांना नावानं हाका मारल्या, एकेकीला. एकेक वळली, फाटकातून बाहेर आली. कोल्मन मोजत होता.

"त्रेसष्ट," म्हणाला.

मास्तरीण राहिली होती. आमची सगळ्यात म्हातारी गाय, कळपाच्या पुढं चालायची. पाणी पोटाला लागलेलं. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. गृहपाठ न करता नुसतीच उत्तरं लिहिणाऱ्या पोरीकडं मास्तरीण बघते ना, तसं. मग ती तिथं नव्हती. पाण्यावर एक बुडबुडासुद्धा आला नाही.

घरी येऊन मी बादली ओतली. तळाशी पिवळा बिल्ला होता, गाईच्या कानातला. कोल्मननं तो उचलला, खिशात घातला. सोर्चाला त्यानं काही सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी फक्त ती तबकडीची काठी माझ्या हातात दिली.

तेव्हापासून दर मंगळवारी, पाऊस असो, गारा असोत, मी बावीसच्या बावीस कुरणं पायी चालते. गवत आहे तेवढंच लिहिते. दूध वाढलं, गाई तुकतुकीत झाल्या. म्हणून म्हणते, तबकडी घ्या. सोर्चा चांगली पोरगी आहे, तिचं ऐका.

आता एवढं सांगितलंच आहे तर हेही सांगते. एक गोष्ट मी मनाची घातली. बावीस नाही, एकवीस. सतरात मी पाय ठेवत नाही. त्याचा आकडा अजून घरात घेते, चुलीपुढच्या दगडावर. शून्य भरलं की तिथं गवत येत नाही आणि पाणीही येत नाही. सोर्चा तिथली माती तीनदा तपासून गेली.

गेल्या मंगळवारी दगडावर तबकडी ठेवली, तर ती एक बोट वर उचलली गेली. दगडावरून हात फिरवला. कोरडा होता. परत ठेवली. परत एक बोट.

फोनमध्ये आलेला आकडा खोडून मी शून्यच भरलं.