क्लोव्हिसची तिसरी मूठ

मॉक्सी या खोऱ्यातल्या गावात एक नियम आहे. बियरला कडूपणा आणि वास देणाऱ्या हॉपची काढणी सुरू झाली की घरी आंबवलेल्या बियरला हात लावायचा नाही. तो कुणी लिहून ठेवलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. भट्ट्यांवर महिनाभर हॉपची बोंडं सुकत असतात. तो कडवट उग्र वास कपड्यांत शिरतो, उशीत शिरतो, पावाला लागतो, आणि आठवड्याभरात मळ्यात-भट्टीवर राबणाऱ्यांचं नाक त्याला इतकं सरावतं की तो येईनासाच होतो. मग माणूस बियरच्या पिंपात डोकं घालतो, ‘छे, वासच नाही’ म्हणतो, आणि आणखी हॉप टाकतो. असल्या बियरी पिऊन ज्यांची तोंडं वाकडी झाली त्यांनीच हा नियम केला. नाक ताळ्यावर यायला चार दिवस खोऱ्याबाहेरची हवा लागते, असंही ते सांगतात.

क्लोव्हिस थिबो या नियमाला अपवाद होता. म्हणजे तसं त्याचं स्वतःचं मत होतं. सारी उमर त्याने भट्टी सांभाळण्यात घालवली होती. आता साठी उलटली होती आणि बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. “सगळ्यांचं नाक मरतं, माझं नाही,” असं तो छातीठोकपणे सांगायचा. त्याची थोरली बहीण बर्निस शेजारीच राहायची आणि शाळेची बस चालवायची. ती म्हणायची, “तुझं कसं मरेल? ते कायम वरच असतं.”

हिवाळ्यात क्लोव्हिसने ओडेटला लग्नाचं विचारलं होतं. ओडेटही एकटीच होती. कालव्यापलीकडच्या मळ्यात ती सुकलेल्या हॉपचे गठ्ठे बांधायच्या कामावर होती, आणि बियरच्या बाबतीत तिची जीभ म्हणजे अख्ख्या खोऱ्यात शेवटचा शब्द. तिने लगेच हो म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही.

“माणूस तू चांगला आहेस,” ती म्हणाली. “पण किती वर्षं झाली, मी सांगतेय कडूपणा कमी कर. तू मान डोलावतोस आणि पुढच्या वर्षी परत तेच पाजतोस. न ऐकणाऱ्या नवऱ्याबरोबर एक संसार केला मी. दुसरा करायचा नाही. मी आपणहून दुसरा ग्लास मागेन अशी बियर कर. मग बोलू.”

क्लोव्हिसने हे फार मनाला लावून घेतलं. त्याला ओडेट हवी होती. एकट्याने जेवायला बसायचा त्याला मनापासून कंटाळा आला होता, आणि टेबलाच्या पलीकडे दुसरं कुणी बसलेलं त्याला चालणार नव्हतं.

आता क्लोव्हिस करायचा ती इंडिया पेल एल जातीची बियर कडूच असते, त्यात क्लोव्हिसचा दोष नाही. पण तिच्या कडूपणाच्या हाताला धरून थोडी गोडी चालत असते, आणि मागून संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. क्लोव्हिसची बियर मात्र तुपात तळा, साखरेत घोळा, कडू ते कडूच.

ऑगस्टमध्ये, काढणी सुरू व्हायच्या आधी, त्याने गॅरेजमध्ये मोठं पातेलं चढवलं. ओडेट ‘सहज’ म्हणून आली आणि खुर्ची ओढून बसली.

“उकळी आल्याबरोबर टाकतोस ते हॉप निम्मे कर,” ती म्हणाली. “उरलेले गॅस बंद करताना टाक. कडूपणा उतरेल, वास राहील. मोड आणून सुकवलेले जव थोडे वाढव, गोडी येऊ दे. आणि आंबून झालं की पिंपात सुकी बोंडं टाकायची, दोन मुठी. तिसरी नाही.”

“तिसरी नाही,” क्लोव्हिस म्हणाला.

“मान डोलावू नकोस. ऐक.”

परीक्षा घेणारीच पेपर फोडत होती. शेजारून ऐकणाऱ्या बर्निसच्या ते लक्षात आलं, क्लोव्हिसच्या नाही.

त्याने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. मग काढणी सुरू झाली आणि तो भट्टीतच मुक्कामाला गेल्यासारखा झाला. बियर आंबली तेव्हा हंगाम ऐन भरात होता. त्याने दोन मुठी बोंडं मोजून टाकली. दोन दिवसांनी सकाळी भट्टीवरून परत येताना झाकण उघडून हुंगलं, तर काहीच नाही. संत्रं नाही, साल नाही, नुसतं पाणी ठेवावं तसं. अशा बियरवर ओडेट दुसरा ग्लास कशाला मागेल? त्याने तिसरी मूठ टाकली. मग चौथी. पाचवीच्या वेळी बर्निस दारात उभी होती.

“अरे, मला इथे बाहेर डोळ्यांतून पाणी येतंय. किती टाकशील?”

“तू बियर पीत नाहीस, तुला काय कळतंय?”

“विषही पीत नाही मी. पण वासाने ओळखते.”

पाचवी मूठ पिंपात गेली.

काढणी संपल्यावरच्या शनिवारी मळ्यात सगळ्यांचं जेवण असतं. लांब टेबलांवर भाजलेला मका, ॲपल पाय, मळ्यातल्या मेक्सिकन बायकांनी आणलेले, मक्याच्या पानात उकडलेले वाफाळते तामाले. क्लोव्हिसने पिंप मध्यभागी मांडलं आणि पहिला ग्लास म्हाताऱ्या आर्मंडकाकांना दिला. काका गावातल्या घरी बसून असत, भट्टीचा आणि त्यांचा संबंध सुटून जमाना झाला होता. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

“काय रे,” शेवटी ते खोकत म्हणाले, “काढणीत हात लावलास का याला?”

“हात?” बर्निस म्हणाली. “खांद्यापर्यंत आत होता.”

औषधविक्याने ग्लास कुंपणापाशी ओतला. शाळामास्तरणीने तामाले मागून घेतले आणि एकामागून एक तोंडात कोंबले. क्लोव्हिसने स्वतः प्यायली, तर त्याला ठीकच लागली. नाक फसवत होतं, लोकांची तोंडं नाही. सगळं कळलं त्याला, आणि नेमकी तेव्हाच ओडेट आली.

कुणी काही म्हणायच्या आत तिने स्वतःच ग्लास भरला. सगळे बघत होते. तिने घोट घेतला, गिळला, चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही, आणि ग्लास संपवला.

“आणखी एक दे,” ती म्हणाली.

क्लोव्हिसने दुसरा भरून दिला. आनंदाने त्याला काय करावं सुचेना. आर्मंडकाकांनी त्याची बाही ओढली.

“तीही महिनाभर हॉपचे गठ्ठे बांधत होती,” ते कुजबुजले. “तिचंही नाक गेलंय. तू गप्प बस आणि तारीख ठरव.”

सल्ला सोन्यासारखा होता. क्लोव्हिस गप्प बसला. ओडेट दुसरा ग्लास पीत होती आणि तो तिच्या गळ्याकडे बघत होता. आज ही फसली, पण नाक परत आल्यावर हिला कळेल, आणि मग फसवलं गेल्याचं मनात ठेवून आयुष्यभर माझ्यासमोर बसेल. ते त्याला सोसवेना.

“ओडेट, ठेव तो,” तो म्हणाला. “हा ग्लास हिशेबात धरू नकोस. बियर वाईट झालीय. तू दोन मुठी म्हणालीस, मी पाच घातल्या. तुझं नाक सध्या गेलंय म्हणून तुला चालतेय. आठवड्याने परत पी, आणि मग काय ते सांग.”

ओडेटने ग्लास खाली ठेवला.

“माझं नाक?” ओडेट म्हणाली. “सोमवारपासून मी खोऱ्याबाहेर, स्पोकेनला लेकीकडे होते. नाक एकदम शाबूत आहे. पाच मुठी मला फाटकातच कळल्या.”

“मग दुसरा का मागितलास?”

“तू ऐकत नाहीस हे मला माहीतच होतं. खोटंही बोलतोस का, ते माहीत नव्हतं.” तिने ग्लासाकडे बोट केलं. “हा ग्लास मी जपून, हळूहळू पीत होते, क्लोव्हिस. वाटत होतं, तू बोलायच्या आत संपला तर? तू गप्प राहिला असतास ना, तर मी घरी जाऊन रडले असते.”

क्लोव्हिस पिंपाला टेकून तिच्याकडे बघत उभा राहिला.

“आता तसा उभा राहू नकोस,” ओडेट म्हणाली. “आधी पाणी आण. भरपूर आण. लग्न कधी करायचं ते घसा मोकळा झाल्यावर सांगते.”