थुंकलेला घोट

माझा भाचा पराग ठाण्याला एका कंपनीत मोठ्या पगारावर आहे. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून त्यानं एक क्लब काढला. नाव ‘घोट आणि वाट’. महिन्यातून एक शनिवार-रविवार कुठंतरी जायचं, तिथली पेयं चाखायची आणि रानातून पायी हिंडायचं. आमच्या जव्हारात हे दोन्ही उद्योग एकत्र करणारे पुष्कळ आहेत, पण त्यांना कुणी क्लबचे सभासद म्हणत नाही. अर्थात त्यांच्याकडं टी-शर्ट नाहीत.

मी तीस वर्षं एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. चौकशीच्या खिडकीत ‘माहीत नाही’ हे उत्तर चालत नाही, त्यामुळं मामाला या मुलखातलं सगळं ठाऊक आहे असं परागला वाटतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. त्याला मोहाची हवी होती, आणि तीही अस्सल, घरी गाळलेली. मी म्हटलं, त्यात काय, हिरी आहे की.

हिरी साखरशेतजवळच्या एका पाड्यावर राहते. बिगारी कामाला जाते. माझ्या घराचं बांधकाम चाललं तेव्हा पायापासून स्लॅबपर्यंत घमेली तिनंच वाहिली, आणि तेव्हापासून वीस वर्षं अंगणातलं, परसातलं काही निघालं की मी तिलाच बोलावतो. घरचीच आहे ती, असं मी परागला फोनवर सांगितलं.

हिरी तयार झाली, पण तिनं वार बांधून दिला. “शनवारी ये भाऊ. आयतवारी पोरीचा बोल हाय.” तिची प्रगती बारावी झालेली, अंगणवाडीत मदतनीस आहे. बाप नाही, जमीन नाही, म्हणून आधी दोन ठिकाणची बोलणी फिसकटली होती. आता सोन्याच्या पोराशी, सुदेशशी जमत आलं होतं. पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत, राहिला होता तो सोन्या. त्यांच्यात दोन्हीकडची माणसं अंगणात बसून एकमेकांच्या हातची दारू पितात, तेव्हा शब्द पक्का होतो. गेल्या चैतातली मोहाची फुलं हिरीनं सुकवून ठेवली होती ती याच दिवसासाठी. त्यांच्या दारूतलीच थोडी ती आम्हाला देणार होती.

शनिवारी क्लब आला. आठ माणसं, आठ टोप्या आणि त्यांतच शलाका नावाची एक तज्ज्ञ बाई. तिच्याजवळ वही होती. सकाळी ताडी झाली. तिनं एक घोट घेतला, डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात खळबळला आणि सोबत आणलेल्या घडीच्या भांड्यात थुंकला. मग ओली माती, पिकलेला फणस आणि शेवटी किंचित लोणचं अशा चवी तिनं वहीत लिहिल्या. बाकीच्या सातांनाही लगेच लोणचं लागलं. मी विचारलं, गिळत का नाही? ती म्हणाली, काका, पिणारा वेगळा आणि चाखणारा वेगळा. नोकरीभर मी भिंतींवर ‘येथे थुंकू नये’ असं रंगवून घेत आलो. वर्गणी भरून थुंकायला माणसं येतील हे काही मला सुचलं नव्हतं.

दुपारी हिरीकडं जायचं ठरलेलं. पण कुणीतरी सूर्यमाळच्या सूर्यास्ताचा फोटो मोबाईलवर दाखवला आणि सगळे तिकडं पळाले. हिरीचं उद्यावर गेलं. उद्या नको, उद्या तिच्याकडं कार्य आहे, हे मला परागला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, हिरीच तर आहे, सांभाळून घेईल.

रविवारी दहाच्या सुमाराला आम्ही शेतांच्या बांधांवरून चालत पाड्यावर पोचलो. अंगण नुकतंच सारवलेलं होतं. आम्हाला बघून हिरीचा चेहरा उतरला, पण आलेल्याला परत पाठवायची तिची रीत नाही. तिनं बसायला गोणपाट टाकलं. मग बाटली उघडली आणि आधी वाडवडलांच्या नावानं एक धार जमिनीवर सोडली. शलाकानं सगळ्यांना समजावलं की पहिल्या धारेत विषारी अंश असतो, म्हणून हे लोक ती टाकून देतात. पूर्वजांची अशी वासलात लावून तिनं पानाचा द्रोण हातात घेतला.

सगळ्यांनी द्रोण गोल गोल फिरवले. दोघांचे गळले. सगळ्यांनी वास घेतला, घोट घेतला, खळबळला आणि मग लक्षात आलं की ते घडीचं भांडं गाडीत राहिलंय. आता शिकली-सवरलेली माणसं काय करतील? जरा बाजूला वळून, सभ्यपणे, सारवलेल्या अंगणाच्या कडेला आठ जण थुंकले.

तेवढ्यात कुडाच्या फाटकाशी सोन्या उभा दिसला. मागं त्याची बायको आणि चार पाहुणे.

सोन्या ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं अंगणातल्या ओल्या डागांकडं पाहिलं, मग हिरीला विचारलं, ही पोरीकडची पावनी काय? “बोलाची दारू थुकली ती,” सोन्या म्हणाला. “काय खोट हाय, जी तेंना ठावी न् आमाला नाय?”

पराग पुढं झाला आणि उगाच हिंदीत चव, जीभ आणि नाक यांचं शास्त्र सांगू लागला. सोन्याची बायको माघारी वळलीसुद्धा. दारात प्रगती उभी होती, नवी साडी नेसून. ती रडत नव्हती, नुसती आईकडं बघत होती. हे सगळं मी केलं होतं.

मग मी माझी अक्कल चालवली. सोन्याला म्हटलं, बाबा, ही माझी माणसं, शहरातली, यांना काही कळत नाही. मी हिरीला वीस वर्षं ओळखतो. आम्ही घरचेच.

“घरचा हायस?” सोन्या म्हणाला. “मंग ती पोरीकडचीच झाली. तेंचा थुकना मोजायाच लागंल.”

तोही जायला वळला. तेव्हा हिरी बोलली. माझ्याकडं न बघता, अगदी साध्या आवाजात.

“घरचा नाय तो. वीस वरसां झाली, माझे घरचा पानी पन कवा पिला नाय. मंग पावना कसा व्हईल? न् तेची मानसां तरी कोन?”

सोन्यानं मला विचारलं, हे खरं काय? खरंच होतं. दर खेपेला ती तांब्या पुढं करायची आणि दर खेपेला मी ‘आत्ताच घरून पिऊन आलो’ म्हणून अंगणातूनच परतायचो. एवढी वर्षं मला वाटायचं की तिच्या ते ध्यानात येत नाही. नाही म्हणालो असतो तर पोरीचं लग्न मोडलं असतं. “खरं आहे,” मी म्हणालो. त्या दोन दिवसांत मी केलेलं तेवढंच एक कामाचं बोलणं.

सोन्या अंगणाकडं वळला. मग त्यानं चपला काढल्या. वाटेवरच्या माणसाच्या थुंकण्याला काय धरायचं, असं काहीसं तो बायकोला म्हणाला आणि सगळे बसले. हिरीनं शेणपाण्यानं ती कड परत सारवली. क्लब फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. पराग फोटो काढायला लागला तेव्हा मी त्याचा हात खाली केला.

नवी बाटली उघडली. पुन्हा धार सोडली. हिरी द्रोण घेऊन सोन्याकडून पाहुण्यांत फिरत माझ्या बाजूला आली. मी अजून अंगणातच होतो, जायचं सुचलंच नव्हतं. मला माझी फार लाज वाटत होती. आयुष्यात कधी थेंब घेतला नव्हता तरी मी हात पुढं केला आणि म्हणालो, “मलाही दे हिरी.”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्यात.

“नको भाऊ,” ती म्हणाली. “आता पिलास तं पावना व्हशील. मंग तेंचा थुकलेला मोजाया लागंल.”

आणि तिनं द्रोण माझ्या हातावरून पुढं सोन्याच्या बायकोला दिला.