अंगावर उठलेलं

मनगटाच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढा एकच फुगवटा, मधे पांढरट, कडेने लाल. आणि त्याच्याकडे पाहता पाहता शेजारी दुसरा उठला, मग तिसरा... आता या गांधी कोपरापर्यंत जाणार, तिला ठाऊक होतं.

आठ वर्षं सगळे म्हणत आले, पित्त. आधी अंडी सोडली, मग दाणे, मग मासे. सासूबाईंनी साबण बदलला, नवऱ्याने मांजर देऊन टाकलं — ते मांजर! टोपलीतून तिच्याकडेच बघत गेलं — आणि एवढं करून काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यकृतात विषाणू आहे, हिपॅटायटिस-सीचा, बरीच वर्षं मुक्कामाला. अंगावर उठतं ते त्यानेच? "असेल, नसेलही. आधी त्याच्यावर औषध सुरू करू." आणि तिनेच दोनदा विचारून घेतलं : हात लागून पसरत नाही, खाण्यातून पसरत नाही, जखमेचं रक्त तेवढं जपायचं.

थोरल्या जाऊबाईंना — घरची बेकरी त्यांच्याच शब्दावर चालते — सकाळी हे सगळं शहाण्यासारखं सांगितलं. चूकच झाली. ऐकता ऐकता त्यांनी तिचा कप वेगळा ठेवला. अगदी सहज.

"तू आता पिठात हात घालू नकोस. पॅकिंगला बस, हातमोजे घालून."

रबरी हातमोजे! घातले की तासाभरात हात टरारून फुगतात, हे त्यांना काय माहीत नाही? आणि मोज्यातून पीठ कळत नाही. आंबून चढलेलं पीठ बोट सोडतं, न चढलेलं धरून ठेवतं. या घरात हे तिच्याइतकं कुणाला कळतं... दिरांना तर अजून घड्याळ लागतं. आठ वर्षं मी बाह्या ओढत राहिले, गिऱ्हाईक आलं की हात टेबलाखाली, जसं काही चोरलंच होतं. कातडी बिचारी कदाचित ओरडून सांगत होती, आत कुणीतरी शिरलंय. आणि आम्ही मांजर हाकललं.

तिने बाह्या वर सारल्या, बोटांवर कुठे चिरलेलं नाही ना हे उजेडात धरून पाहिलं, आणि दोन्ही हात पिठात घातले.

दारात जाऊबाई उभ्या. "अगं, गिऱ्हाइकांनी विचारलं तर काय सांगू मी?"

"खरं ते सांगा. नाहीतर मला बोलवा, मी सांगते."

त्या गेल्या नाहीत, आतही आल्या नाहीत. आग दंडापर्यंत पोचली होती. उद्या हे टेबल आपलं असेल की नाही, ही भीती होतीच, पण लाज... ती नेहमीच्या जागी शोधून पाहिली, तर नव्हती.