उपाशी खांब

दगडाच्या भुयारी खाणीत काम थांबलं होतं आणि गर्दी मात्र मावत नव्हती. छताला आधार म्हणून न कापता ठेवलेल्या दगडी खांबांपैकी एक बोलायला लागला होता. कान लावला की आतून कट् कट् असा आवाज ऐकू येई.

"देव तुमच्यासाठी उपास करतोय, म्हणून बारीक झालाय," खाणीच्या तोंडापाशी आसन मांडून बसलेले खांबमहाराज सांगत. "त्याचा टवका न्या, दुखऱ्या गुडघ्याला चोळा."

लोक टवके काढत, त्यामुळे खांब आणखी बारीक होई आणि जास्त बोले. तो बोलला की गर्दी आणखी वाढे.

खाणीच्या इंजिनिअरबाईंनी तिथे दोरी बांधली होती. लोक तिच्याखालून वाकून जात. महाराज म्हणत, आपोआप नमस्कार घडतो. बाईंनी कपाळाला हात लावला. त्यातून खांबाला टेकून बसलेला म्हातारा त्यांचाच सासरा.

"मामंजी, उठा. वरच्या डोंगराचं ओझं पेलवेना झालंय त्याला. तो तडकतोय."

"तुझं आपलं काहीतरीच, सूनबाई. काल जिना चढलो मी."

"दोन पायऱ्या चढलात आणि मला हाक मारलीत."

लोक हसले. बाईंनी खांबाच्या भेगेवर काचेची पट्टी प्लॅस्टरने आडवी चिकटवली. दगड हलला तर काच फुटेल, म्हणाल्या. प्लॅस्टर सुकतंय न सुकतंय तोच काच तडकली.

"बघा आमचं तेज!" महाराज लांबूनच ओरडले.

"मग आसन इकडे आणा ना. मामंजींशेजारी बसा."

"देवाच्या फार जवळ बसू नये," महाराज चाचरत म्हणाले.

सासरे त्यांच्याकडे बघत राहिले. "मला बरं रोज बसवलंस. अरे, तू याच खाणीत छत ठोकून सैल दगड पाडायचास. हा आवाज तुला ठाऊक होता."

महाराज चपला शोधू लागले. सासरे काठी विसरून बाहेर निघाले आणि त्यांच्यामागे सगळी गर्दी.

"गुडघा बरा झाला वाटतं?" कुणीतरी विचारलं.

"नाही रे. घाबरलोय."

त्याच आठवड्यात तो खांब फुटला आणि छत रिकाम्या जागेवर कोसळलं. धुळीचा लोट बघताना सासऱ्यांनी सुनेचा हात घट्ट धरला होता.

"खांब खरंच बोलत होता गं," ते म्हणाले. "आम्ही पाया पडत बसलो. काय होतंय त्याला, हे कुणी विचारलंच नाही."

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जरूर जोडा, पण आधी विचारा, हे असं का होतंय? विचारल्याने देव रागवत नाही. आणि छत काही तुमच्या भक्तीसाठी थांबत नाही.