शालिकरामची अहिंसा

रिसोडच्या सभेत शालिकराम उभा राहिला तो पायाला मुंग्या आल्या म्हणून. हे पुढे त्यानेच हसत हसत साऱ्या गावाला सांगितलं, नाहीतर कुणाला कळलंही नसतं. ते दिवस सभांचे होते. वाशिमहून आलेल्या वक्त्यांनी अहिंसेवर असं रसाळ भाषण केलं की मंडळी गहिवरली. शेवटी ते म्हणाले, "मुंगीलाही दुखवणार नाही, असं व्रत कोण घेतो? त्याने उभं राहावं." नेमका त्याच वेळी आमचा हा माळी पाय झटकत उठला. टाळ्यांचा कडकडाट झाला, गळ्यात हार पडला. आता पुन्हा कोणत्या तोंडाने खाली बसायचं? आणि खरं तर टाळ्या त्याला आवडल्या. भाजीच्या टोपलीमागे बसून आयुष्य गेलेल्या माणसाला हार घालायला येतं कोण?

अहिंसा त्याच्या पायांपासून सुरू झाली आणि वर चढत गेली. आधी चामड्याच्या वहाणा गेल्या. बाभळीचा काटा मोडला तरी तो चेहरा प्रसन्न ठेवी, कारण कुणी ना कुणी बघत असे. मग मळ्याची पाळी आली. वांग्यावरच्या अळ्या चिरडायच्या नाहीत. टोपलीत गोळा करून हा त्या बांधापलीकडे सोडून येई. बांधापलीकडे मारोतरावाचा मळा होता.

"काबे शालिकराम," मारोतराव ओरडला, "अळ्यायले जीव हाये, आन माही वांगी काय गोटे हायेत?"

शालिकराम रागावला नाही. राग हीसुद्धा हिंसाच, असं त्याने परवाच ठरवलं होतं. तो नुसता गोड हसला. त्या हसण्याने मारोतरावाचं टाळकं आणखीच फिरलं, आणि भर बाजारात त्याने विचारलं, "वहाना सोडल्या म्हनं तू! मंग विहिरीवरची मोट कायची हाये? चामडं का झाडाले लागते?"

भोवतालची माणसं खो खो हसली. शालिकरामला ते फार लागलं. घरी येताच त्याने मोट सोडली, गुंडाळून कोठ्यात टाकली, बैलांच्या मानेवरून हात फिरवला आणि बायकोला, गोजराबाईला, सांगितलं, "आजपासून बैलायचीबी सुटका. आपन घागरीनं पानी वढू."

'आपण' म्हणजे नेमकं कोण, हे त्याने सांगितलं नाही. त्याला वेळ तरी कुठे होता! मोट टाकल्याची बातमी पसरली आणि 'शालिकराम महाराजां'ना गावोगावची बोलावणी येऊ लागली. स्वतःचे बैल गाडीला जुंपायचे नाहीत, म्हणून तो दुसऱ्याच्या गाडीत बसून जाई. दुसऱ्याच्या बैलांचा विचार अजून व्हायचा होता.

"महाराज, मळा सुकत नाही?" लोक विचारत.

"ज्यानं व्रत देल्लं, थो पानीबी देते," हा डोळे मिटून सांगे. मळा खरंच हिरवागार होता, आणि ही आपल्या व्रताचीच पुण्याई असं त्याला मनापासून वाटू लागलं होतं.

एका दुपारी तो आसेगावाहून नारळ आणि उपरणं घेऊन परतला. गोजराबाईने ताट वाढलं. भाकर मोडायला गेली तर तिची बोटं मिटेनात. शेवटी मनगटाने दाबून तिने ती मोडली.

"काय झालं वो हाताले?"

"काई नाही. जेवा तुमी."

त्याने तिचा हात ओढून पाहिला. दोराने तळहाताची साल निघाली होती. फोड फुटले होते आणि फुटलेल्या जागी नवे आले होते. मग तीच बोलली, आवाज न चढवता. "बैलाच्या मानेले घट्टा पडला तं तुमाले पाप लागते. माह्या हाताचं पाप कोनाले लागते, तेवढं त्या सभेत इचारून या. मी भावाकडं चालली किन्हीराजाले. इथं असंच चालाचं असन, तं मंग परत येत नाही मी."

शालिकरामने ताट बाजूला सारलं. मुंगीला वळसा घालून चालणाऱ्या या शहाण्याने घरात आपण कुणाला पाण्याला जुंपलं, ते पाहिलंच नव्हतं. त्याला लाज वाटली, भीती वाटली. आणि तरीही मोट पुन्हा लावली तर लोक काय म्हणतील, हा विचार एकदा डोक्यात येऊन गेलाच. आपण किती पोकळ आहोत, हे त्याला तेव्हा कळलं.

"सकाळपर्यंत थांब," त्याने विनवलं.

सकाळी त्याने मोट चढवली. पण आयतं खाऊन सुस्तावलेले बैल विहिरीजवळच्या मोटेच्या उतारावरून पाऊल टाकायला तयार होईनात. चाबूक उचलायचा धीर नाही, म्हणून हा त्यांच्या हातापाया पडत होता. गोजराबाई गाठोडं बांधून निंबाखाली बसली होती आणि हा तमाशा बघत होती. तेवढ्यात मालेगावकडची चार मंडळी हार घेऊन आली.

"शालिकराम महाराज कोठी भेटतीन?" त्यांनी त्यालाच विचारलं.

'महाराज गावाले गेले' हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. तोंड लपवायला इतकी सोपी जागा पुन्हा मिळाली नसती. पण समोर गोजराबाई बोटं न लावता, मनगटांनी गाठोडं सारखं करत होती.

"महाराज कोनी नाही इथं," तो म्हणाला. "मीच थो शालिकराम. मोट मी टाकली, हार मी घालून घेतले, आन पानी वढलं ह्या बाईनं. माही अहिंसा पाहाची असन तं तिचे हात पाहा."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. हार धरलेल्या माणसाला तो कुणाला घालावा कळेना. शेवटी तो गोजराबाईकडे वळला.

"थो हार ठेवा तिकडं," ती म्हणाली. "इतके जन आले, तं एकानं बैलाम्होरं व्हा आन एकानं फावडं घेऊन पानी वळवा. यायच्या एकट्याच्यानं होत नाही."

मग तिने गाठोडं मनगटाला अडकवलं आणि ती उठली. शालिकराम मोटेचा नाडा धरून नुसता बघत राहिला. रस्त्याकडे न जाता ती घरात शिरली, तेव्हा त्याला रडू कोसळलं. ते मालेगावच्या मंडळींसमोरच कोसळलं, आणि त्याने ते पुसलंही नाही.