आवळलेली प्रेस

काटा परत हलला.

मी काडतूस बोटांनी हळू फिरवलं तसा डायलवरचा काटा इकडून तिकडे गेला आणि परत आला. म्हणजे पितळी पुंगळीत बसवलेली गोळी तिरकी. हा तिरकेपणा डोळ्यांना दिसत नाही, केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. पण बंदुकीच्या नळीत तिरकी शिरलेली गोळी कागदावर भलतीकडे जाते. मी ते काडतूस डबड्यात टाकलं. डबडं तिरक्या काडतुसांनी भरत आलं होतं.

"च्यायला या प्रेसच्या," मी म्हणालो. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून पुन्हा एकदा मोठ्याने म्हणालो.

तळघरातलं हे टेबल आणि त्यावरची ही काडतुसं भरायची प्रेस आमची दोघांची. डावीकडच्या स्टुलावर माझी बायको मार्लिस, उजवीकडच्या स्टुलावर मी. ती पुंगळीत दारू घालायची, तोंडावर गोळी टेकवायची आणि प्रेसचा दांडा ओढायची. खालचा दट्ट्या पुंगळीला वर नेतो, वरच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, ती शिरते आणि गोळी बसते. मग ती काडतूस माझ्या हातात द्यायची. मी ते काट्याखाली फिरवायचो आणि म्हणायचो, "सरळ." की तिचं पुढचं तयार. मोंटानातले हिवाळे लांब असतात. आम्ही ते असे काढले. ती भरायची, मी नेम मारायचो, आणि आमच्या क्लबात पाच गोळ्या एका भोकातून घालणारी म्हणून आमची जोडी ओळखली जायची.

बर्फ वितळत होतं तेव्हा ती गेली. दवाखान्यात जायच्या आधी तिने काडतुसांचा एक खोका भरून फळीवर ठेवला होता. त्याला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

पण शनिवारी क्लबात नेमबाजीची स्पर्धा होती, आणि या वर्षी ती मार्लिसच्या नावाने होती. क्लबची सेक्रेटरी रीटा फोनवर म्हणाली, "हार्लन, पहिली फेरी तू मारायचीस. आता नाही म्हणू नकोस, मी सगळ्यांना सांगून बसलेय." तिच्या नावाच्या स्पर्धेत तिरकी काडतुसं घेऊन जायचं? लाज वाटली असती मला. आणि सरळ हवी असतील तर फळीवरचा तो खोका होता. तो एकदा मारला की संपला. तिच्या हातचं मग काही उरणार नव्हतं.

म्हणून मी सगळा उन्हाळा या प्रेसशी भांडत होतो. डाय बदलली, पुंगळ्या बदलल्या, गोळ्या बदलल्या. दुकानदार म्हणाला, प्रेस जुनी झाली, नवी घ्या. मी म्हटलं, बायको होती तेव्हाही जुनीच होती. तर तो गप्प झाला. हल्ली बायकोचं नाव काढलं की लोक गप्प होतात. त्याचाही वैताग येतो.

वैताग काय एकच आहे? चर्चमधल्या बायकांनी अंत्यविधीनंतर बटाटे-खिम्याने भरलेली काचेची भांडी आणून दिली. प्रत्येक भांड्याच्या तळाला पट्टीवर मालकिणीचं नाव. परत करायला जावं, तर त्या दुसरं भरलेलं भांडं हातात देतात. स्वेनसनबाईंचं भांडं तर मी आता परतच करत नाही. आणि स्वयंपाकघरातला नळ. त्याच्या मानेतून किती वर्षं पाणी झिरपतंय. मी दुकानातून रबरी कड्यांचं पाकीट आणायचो, ड्रॉवरमध्ये ठेवायचो, आणि रविवारी नळ खोलायला बसलो की पाकीट रिकामं. मार्लिस म्हणायची, "तू आणलंच नसशील." मी पुन्हा आणायचो.

तर त्या गुरुवारी दुपारी जिन्यावरून आवाज आला, "अजून तळघरातच का रे? दाढी तरी कर, अस्वल दिसतोयस."

ड्वेन, मार्लिसचा धाकटा भाऊ. ट्रॅक्टर दुरुस्त करतो. जगातली कुठलीही गोष्ट पाना लावला की ठीक होते, असं त्याचं मत आहे.

"तिरकी येतायत," मी म्हणालो.

"सगळी?"

"सगळीच्या सगळी."

"मग तिची मार ना. वर फळीवर आहेत की. ताईने काय शोभेला भरली ती?"

"त्या खोक्याचं नाव काढू नकोस, ड्वेन."

"बरं बाबा, नाही काढत." त्याने प्रेसला धरून हिसका दिला. ती जागची हलली नाही. "प्रेसचा दोष नाही एवढं सांगतो. बघ, कशी दगडासारखी आहे. मीच केली ना."

मी काडतूस खाली ठेवलं. "काय केलंस तू?"

"अंत्यविधीच्या आठवड्यात. वर सगळी रडारड चालली होती, मला बसवेना. खाली आलो, तर प्रेसचं सगळं खुळखुळतंय. डाय हलतेय, खाली दट्ट्यावरची पुंगळीची बैठक हलतेय. बैठक धरून ठेवायची क्लिपच नव्हती. म्हटलं, बिचारीच्या हातात आवळायला जोर राहिला नसेल. नवी क्लिप घातली, डाय पान्याने गच्च आवळली. म्हटलं, तेवढंच ताईसाठी."

"आणखी काय केलंस?"

"डायच्या नटाखाली एक रबरी कडी होती, चेपलेली. टाकून दिली."

"कसली कडी?"

"नळात असते बघ, तसली."

मी डायच्या नटाखाली बोट फिरवून पाहिलं. मग म्हणालो, "गाढवा."

"अरे, घट्ट ते सरळ! साधी गोष्ट आहे."

"घट्ट ते घट्ट! सरळ वेगळं!"

मी त्याला बोटाने दाखवलं. या जुन्या प्रेसचा खालचा दट्ट्या आणि वरचं डायचं भोक एका रेषेत नाहीत, जराशी चूक आहे. दोन्हीकडून आवळलं तर मधल्या पुंगळीला त्या चुकीच्या रेषेतच जावं लागतं, आणि गोळी तिरकी बसते. वर मऊ कडी असेल, खाली बैठक मोकळी असेल, तर डाय आणि पुंगळी दोघी थोड्या थोड्या सरकतात आणि पुंगळी आपला मध्य आपण शोधते. सांगताना मलाच ते पहिल्यांदा कळत होतं. माझं काम काट्याचं होतं. दांड्याकडचं तिचं तिने जमवलं होतं.

"मग ती कधी बोलली कशी नाही?" ड्वेनने विचारलं.

"बोलली असती तर कड्या कुठे जातात ते सांगावं लागलं असतं."

त्याला काही कळलं नाही. मी त्याला नळाचं सांगितलं. तो हसला, मीही हसलो, आणि मग त्याने टोपी काढून हातात धरली.

"मी तिच्यासाठी केलं रे."

"माहितेय मला. पाना दे."

आम्ही क्लिप काढली, नट सैल केला. ड्रॉवरमध्ये कडी नव्हतीच. मी वर जाऊन पाणी बंद केलं आणि नळाची मान उघडून होती ती कडी काढली.

"आणि नळ?" ड्वेन म्हणाला.

"गळू दे. नाहीतरी गळतोच."

पाणी परत सोडलं, तर कडीशिवाय तो जोरात गळायला लागला. ड्वेनने त्याच्याखाली स्वेनसनबाईंचं भांडं सरकवलं आणि तो घरी गेला.

मी डायच्या नटाखाली कडी घातली, नट बोटांनीच फिरवला. तिच्या स्टुलावर बसलो. दारू घातली, गोळी टेकवली, दांडा ओढला. हाताला दांडा जरासा खेळता लागला. मग उठून माझ्या स्टुलावर आलो आणि काडतूस काट्याखाली फिरवलं.

काटा हलला नाही. मी पुन्हा फिरवलं. जागच्या जागी.

"सरळ," मी म्हणालो, आणि पुढच्यासाठी डावा हात पुढे केला.

हात थोडा वेळ तसाच राहिला. वर भांड्यात पाणी टपटपत होतं. मग मी उठलो, तिच्या स्टुलावर जाऊन बसलो आणि पुढची पुंगळी लावली.